कठोर शब्दाची किंमत कोण मोजतो?

मार्ककृत शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात दोन गोष्टी एकामागोमाग घडतात. फिलिप्पाच्या कैसरियाच्या वाटेवर येशू शिष्यांना सांगतो की आपल्याला पुष्कळ दुःख सोसावे लागेल, धर्मपुढारी आपल्याला नाकारतील आणि जिवे मारतील. पेत्राला हे सहन होत नाही. तो गुरूला बाजूला घेऊन त्याचीच कानउघाडणी करू लागतो. येशू वळतो, बाकीच्या शिष्यांकडे पाहतो आणि त्यांच्यादेखत पेत्राला सैतान म्हणून फटकारतो. जवळच्या माणसाला याहून कडक शब्द त्याने कधी वापरल्याचे शुभवर्तमानांत आढळत नाही. त्यानंतर लगेच तो शिष्यांसह लोकांना जवळ बोलावतो आणि सांगतो की ज्याला माझ्यामागे यायचे आहे त्याने स्वतःला नाकारावे आणि आपला वधस्तंभ उचलावा. प्रिय शिष्याला लावलेला कठोर बोल आणि स्वतःला नाकारण्याची हाक असे हे लागोपाठ येणे मला महत्त्वाचे वाटते. पेत्राला फटकारणारा स्वतः मरणाच्या वाटेला लागलेला आहे आणि त्या वाटेवरून त्याला मागे खेचू पाहणाऱ्यालाच तो फटकारतो आहे. ख्रिस्ती जीवनातल्या कठोर प्रेमाचे सूत्र इथे सापडते. दुसऱ्याला कठोर शब्द सुनावण्याचा हक्क वयाने, पदाने किंवा आपण बरोबर आहोत या खात्रीने मिळत नाही. त्या शब्दाची किंमत आधी स्वतः मोजायची तयारी असेल, तरच तो मिळतो.

आज या दोन गोष्टींची फारकत झाली आहे. ‘टफ लव्ह’ हा शब्दप्रयोग अमेरिकेतून जगभर गेला. बिल मिलिकेन या ख्रिस्ती युवक-कार्यकर्त्याचे त्याच नावाचे पुस्तक १९६८ साली निघाले आणि १९८०च्या दशकात व्यसनी, बंडखोर मुलांच्या हताश पालकांची या नावाने चळवळच उभी राहिली. आता कुणी ‘कठोर प्रेम’ म्हटले की डोळ्यांसमोर येते ते घराबाहेर काढलेले मूल, बंद झालेला पैसा, तुटलेले बोलणे. इकडे स्वतःला नाकारणे म्हणजे उपवासकाळात, राखेच्या बुधवारपासून पुनरुत्थानाच्या सणापर्यंत, मांस किंवा गोड सोडणे एवढाच अर्थ अनेक घरांत उरला आहे. म्हणजे कठोरपणा सारा दुसऱ्याच्या वाट्याला आणि त्याग हा आपला खाजगी मामला. अशी वाटणी झाली की दोन्ही बिघडतात. त्यागाचा आधार नसलेला कठोरपणा ही नुसती सत्ता असते आणि शेजाऱ्याशी नाते तोडलेला त्याग म्हणजे आपल्याच पुण्याची मोजदाद.

आधी त्यागाचे पाहू. शरीराला छळणे हा काही पवित्र शास्त्राच्या दृष्टीने सद्गुण नाही. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात, ‘हे हाताळू नको, ते चाखू नको’ अशा नियमांची आणि देहदंडाची बाहेरून भासणारी शहाणीव पोकळ असल्याचे स्पष्ट म्हटले आहे. त्याच्याही कित्येक शतके आधी यशया संदेष्ट्याने उपवास करणाऱ्यांना विचारले होते की तुमच्या उपाशी राहण्याने जखडलेल्यांचे बंध सुटतात का, भुकेल्याच्या ताटात भाकरी पडते का. त्यागाचे तोंड दुसऱ्या माणसाकडे असावे, हा त्याचा आग्रह. प्रेषित पौलाने करिंथमधल्या एका रोजच्या प्रश्नावर हेच करून दाखवले. त्या शहरात मूर्तींपुढे वाहिलेले मांस बाजारात विकायला येई. ते खाण्यात पाप नाही, असे पौलाचे स्वतःचे ठाम मत होते. तरी एखाद्या दुबळ्या मनाच्या भावाला त्यामुळे ठेच लागत असेल, तर मी कधीच मांस खाणार नाही, असे तो लिहितो. इथे सोडायचे आहे ते आपल्या हक्काचे, आणि सोडायचे ते कुणा एका माणसासाठी. सहाव्या शतकात बेनेडिक्ट या इटालियन मठाधिपतीने आपल्या नियमावलीच्या एकोणपन्नासाव्या प्रकरणात उपवासकाळासाठी घातलेली अटही अशीच बोलकी आहे. प्रत्येकाने खाणे, पिणे, झोप, बडबड यांतले काही आपखुशीने कमी करावे, पण काय कमी करणार हे आधी मठाधिपतीला सांगून त्याची संमती घ्यावी. संमतीविना केलेला त्याग तो घमेंडीत जमा करतो. त्यागाचासुद्धा अहंकार होतो हे त्याला ठाऊक होते. म्हणून त्याने त्यागही दुसऱ्याच्या नजरेखाली आणला.

आता कठोर प्रेम. लेवीय पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती करण्याची प्रसिद्ध आज्ञा आहे. तिच्या अलीकडच्याच वचनात भावाचा मनात द्वेष धरू नये, तर त्याची चूक त्याला उघडपणे सांगावी, असे म्हटले आहे. चूक दिसूनही गप्प राहणे आणि आतल्या आत कुढत बसणे हे त्या शास्त्राच्या लेखी द्वेषाशी लागून आहे. मार्कच्या दहाव्या अध्यायातला श्रीमंत माणूसही इथे आठवतो. सगळ्या आज्ञा लहानपणापासून पाळल्याचे तो येशूला सांगतो. येशूने त्याच्याकडे पाहिले आणि त्याला त्याच्याविषयी प्रेम वाटले, अशी नोंद मार्क करतो. त्या प्रेमातून जे निघाले ते मात्र गोंजारणारे नव्हते. जे आहे ते सगळे विक, गोरगरिबांना दे आणि मग ये, असे येशूने सांगितले. माणूस खिन्न होऊन निघून गेला. येशूने त्याच्यामागे धावत जाऊन अट सैल केली नाही, आणि त्याचा अपमान करून त्याला हाकललेही नाही. निवड त्याच्या हाती राहू दिली. त्याला जे सोडायला सांगितले, ते सांगणाऱ्याने आधीच सोडलेले होते. डोके टेकायला जागा नाही, असे स्वतःविषयी म्हणणाऱ्याच्या तोंडी ती मागणी शोभली.

ख्रिस्ती मंडळीने हे प्रत्यक्षात कसे आणावे याचा क्रम मत्तयाच्या अठराव्या अध्यायात आहे. भावाने अपराध केला तर आधी त्याच्याकडे एकटे जा. ऐकले नाही तर एकदोघांना बरोबर घे. तरीही ऐकले नाही तर मंडळीला सांग. तिचेही ऐकले नाही, तर त्याला परक्यासारखा, जकातदारासारखा समज. शेवटची पायरी नुसती वाचली तर ती निष्ठुर वाटते. पण हा क्रम बसवला आहे कुठे ते पाहावे. त्याच्या आधी शंभरांतले एक हरवलेले मेंढरू शोधायला निघालेल्या मेंढपाळाचा दाखला आहे आणि त्याच्यानंतर पेत्राच्या प्रश्नाला दिलेले, क्षमेचा हिशेब ठेवू नको या अर्थाचे उत्तर. शिवाय हे शुभवर्तमान परंपरेने ज्या मत्तयाच्या नावावर आहे, तो स्वतः जकातदार होता आणि येशू त्याच्या पंक्तीला बसला होता. जकातदार समजायचे म्हणजे, याला पुन्हा पहिल्यापासून बोलवायचे आहे, असे समजायचे. एकट्याने जाण्याची पहिली पायरी तर सगळ्यांत अवघड. चारचौघांत कुजबुजणे सोपे असते. तोंडावर जाऊन बोलायचे तर मैत्री तुटण्याची, उलटून दोन शब्द ऐकण्याची, कदाचित आपलीच चूक निघण्याची तयारी लागते. म्हणजे या क्रमात पहिली झळ अपराध्याला बसत नाही, ती सांगायला जाणाऱ्याला बसते.

पौलाच्या करिंथकरांना लिहिलेल्या पत्रांत ही झळ दिसते. पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात तो एका गंभीर लैंगिक अपराधाबद्दल एका माणसाला संगतीतून दूर करायला सांगतो आणि त्याची भाषा फार कडक आहे. दुसऱ्या पत्रात, बहुसंख्यांनी शिक्षा केलेल्या एका माणसाविषयी तो लिहितो की झाली तेवढी शिक्षा पुरे, आता त्याला क्षमा करा, धीर द्या, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल. हा माणूस तोच की दुसरा यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, पण मुद्दा त्यावर अवलंबून नाही. ज्याने शिक्षेचा आग्रह धरला तोच ती कधी थांबवायची याचाही आग्रह धरतो. आणि मधले कठोर पत्र आपण मोठ्या क्लेशाने, पुष्कळ आसवे गाळत लिहिले, असे तो स्वतः सांगतो. हा माणूस करिंथमध्ये राहुट्या शिवून पोट भरत होता. मंडळीकडून निर्वाह घेण्याचा हक्क असूनही त्याने तो सोडला होता. त्याच्या कडक शब्दांत त्याचा लाभ कुठेच नव्हता, हे त्याच्या टीकाकारांनाही दिसण्याजोगे होते.

बेनेडिक्टच्या नियमावलीत हा विचार रोजच्या व्यवहारात उतरला. तिची त्र्याहत्तर प्रकरणे आहेत. त्यांतली तेविसापासून तिसापर्यंतची प्रकरणे चुकणाऱ्या बंधूंविषयी आहेत. आधी दोनदा खाजगीत समज द्यायची, मग सर्वांसमोर. तरी सुधारणा नाही, तर संगत तोडायची. अपराध हलका असेल तर त्या बंधूने पंक्तीला बसायचे नाही. बाकीचे दुपारी जेवले तर त्याने तिसऱ्या प्रहरी एकट्याने जेवायचे. अपराध भारी असेल तर प्रार्थनामंदिरातही सर्वांबरोबर स्थान नाही आणि परवानगीवाचून कुणी त्याच्याशी बोलायचे नाही. इथपर्यंत वाचून अंगावर काटा येतो. पण सत्ताविसावे प्रकरण मठाधिपतीवर उलटी जबाबदारी टाकते. त्याने वयाने पोक्त, शहाणे बंधू त्या माणसाकडे गुपचूप पाठवावेत. त्यांनी त्याला आधार द्यावा, नम्र होऊन परत ये म्हणून समजवावे. इथे बेनेडिक्ट पौलाच्या त्याच क्षमेच्या पत्राची आठवण देतो. सगळे उपाय थकले, तर स्वतःची आणि साऱ्या मठाची प्रार्थना हा त्याहून मोठा उपाय करून पाहायचा आणि मगच मठाबाहेर काढायचे. बाहेर गेलेला परत आला तर तिसऱ्यांदाही त्याला घ्यायचे. चौसष्टाव्या प्रकरणात मठाधिपतीला बजावले आहे की गंज काढण्याच्या नादात भांडेच फोडू नकोस, आणि लोकांनी भ्यावे यापेक्षा त्यांनी प्रेम करावे असे पाहा. या नियमावलीत हट्टी बंधूंना आणि लहान मुलांना फटक्यांची शिक्षाही आहे. ती त्या काळाची रीत होती. आज तिचे समर्थन करता येणार नाही, करूही नये. पण त्या चौकटीतसुद्धा शिक्षा करणाऱ्याला झोप लागू द्यायची नाही हा बेनेडिक्टचा कटाक्ष आजही ग्राह्य आहे. प्रत्येक जिवाचा हिशेब मठाधिपतीला देवापुढे द्यावा लागेल, हे तो पुनःपुन्हा लिहितो.

इंग्लंडमध्ये धर्मोपदेशक जॉन वेस्ली यांनी १७३८च्या डिसेंबरात आपल्या छोट्या गटांसाठी नियम लिहिले, तेव्हा हा विचार आणखी पुढे गेला. आठवड्यातून निदान एकदा जमायचे आणि मागच्या भेटीपासून विचारात, बोलण्यात, कृतीत काय चुकले ते प्रत्येकाने मोकळेपणाने सांगायचे. गटात येण्याआधीच विचारले जाई की तुझे दोष तुला स्पष्ट सांगितलेले चालतील का. होकार देणाऱ्यालाच पुढचे ऐकावे लागे. आणि सर्वांत अर्थपूर्ण नियम असा की आपल्यातल्या एकाने आधी स्वतःची स्थिती सांगायची आणि मगच बाकीच्यांना खोलवरचे प्रश्न विचारायचे. उघडे पडण्याची पाळी विचारणाऱ्यावर आधी येते. मंडळीतला वडील, घरातला बाप, शाळेतली शिक्षिका यांपैकी कुणीही हा एक नियम पाळला, तर त्यांच्या शिस्तीचा सूर बदलेल याविषयी मला शंका नाही.

इथे महाराष्ट्रातला वाचक एक रास्त आक्षेप घेईल. संगत तोडणे, पंक्तीबाहेर बसवणे, बोलणे बंद करणे याला आपल्याकडे वाळीत टाकणे म्हणतात. जातपंचायतींनी या हत्याराने माणसे उद्ध्वस्त केली, म्हणून राज्याला सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६चा स्वतंत्र कायदा करावा लागला. शिवाय बाप्तिस्मा घेतलेल्या पहिल्या पिढ्यांतल्या मराठी ख्रिस्ती लोकांनी ही झळ स्वतः सोसली आहे. १८९५ साली नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले तेव्हा त्या घरावर काय ओढवले, हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’मुळे मराठी वाचकाला घरच्यासारखे ठाऊक आहे. मग ख्रिस्ती मंडळीची शिस्त निराळी कशी? नावाने ती निराळी ठरत नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. वाळीत टाकण्यात जमातीची पत राखायची असते, म्हणून ते चव्हाट्यावर सुरू होते, पाणी आणि दुकान तोडते, बायकामुलांनाही भरडते आणि दंड भरून घेते. मत्तयातला क्रम एकांतात सुरू होतो, त्याच माणसापुरता राहतो आणि भाऊ परत मिळवणे हेच त्याचे ठरलेले उद्दिष्ट असते. बेनेडिक्टच्या मठातही शिक्षा झालेल्याची भाकरी बंद होत नसे. एखाद्या मंडळीने आंतरजातीय लग्नावरून, पाळकाला प्रश्न विचारला म्हणून किंवा जमिनीच्या वादातून कुणाला तोडले, तर ती ख्रिस्ती शिस्त नव्हे, तो बहिष्कारच. त्याला पवित्र शास्त्राचे वचन जोडल्याने तो शुद्ध होत नाही.

दुसरा आक्षेप इतिहासातून येतो आणि तो अधिक जड आहे. इ. स. ३९० मध्ये सम्राट थिओडोसियसच्या सैनिकांनी थेस्सलनीकात हजारो लोकांची कत्तल केली. मिलानच्या बिशप अँब्रोजने सम्राटाला स्वतःच्या हाताने, फक्त त्यानेच वाचावे असे पत्र लिहिले आणि पश्चात्ताप केल्यावाचून त्याच्यासमोर पवित्र विधी करायला नकार दिला. सम्राटाने जाहीर प्रायश्चित्त घेतले. याच अँब्रोजने ३८७ साली ऑगस्टिनला बाप्तिस्मा दिला होता. पुढे उत्तर आफ्रिकेत बिशप झालेल्या ऑगस्टिनने कठोर प्रेमावर सखोल लिहिले. मुलाला मारणारा बाप आणि त्याला गोंजारणारा अपहरणकर्ता यांच्यात बाहेरच्या कृतीवरून निवाडा करू नका, आतले प्रेम पाहा, असे तो सांगे. पण मंडळीतून फुटलेल्या डोनाटिस्ट पंथीयांना एका मंडळीत आणण्यासाठी सम्राटाच्या कायद्याने, दंडाने, जप्तीने दडपण आणणे योग्य आहे, असेही त्याने पुढे याच प्रेमाच्या नावाने मांडले आणि मेजवानीला लोकांना आग्रहाने आणण्याचा लूकमधला दाखला त्यासाठी वापरला. नंतरच्या शतकांत छळ करणाऱ्यांनी त्याच्या या लेखनाचा आधार घेतला. गुरू आणि शिष्य दोघांनीही प्रेमाचाच दावा केला. मग फरक कुठे पडला? अँब्रोजचा शब्द वरच्या दिशेने गेला, बलवानाकडे, आणि त्याचा धोका त्याच्याच मानेवर होता. ऑगस्टिनचे दडपण खालच्या दिशेने गेले आणि त्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली. आतले प्रेम पाहा ही कसोटी म्हणूनच अपुरी आहे, कारण आपल्या मनातले प्रेम प्रत्येकाला खरेच वाटते. किंमत कोण मोजतो हे मात्र बाहेरून दिसते.

तिसरा आक्षेप स्त्रियांकडून आला आहे आणि तो कान देऊन ऐकायला हवा. १९६० साली व्हॅलेरी सेविंग या अमेरिकन अभ्यासिकेने एका गाजलेल्या निबंधात म्हटले की अहंकार हेच मूळ पाप आणि स्वतःला विसरणे हाच उपाय, ही मांडणी पुरुषांच्या अनुभवातून आलेली आहे. ज्या बाईला जन्मभर स्वतःला पुसूनच जगायला शिकवले, तिला पुन्हा स्वतःला नाकार म्हणणे म्हणजे आजारालाच औषध म्हणणे. हे म्हणणे खरे आहे आणि शुभवर्तमानेच त्याला दुजोरा देतात. स्वतःला नाकारण्याची हाक येशूने मोठेपणाची स्वप्ने पाहणाऱ्या शिष्यांना दिली, श्रीमंतांना दिली. अठरा वर्षे कंबरेत वाकलेली बाई लूकच्या तेराव्या अध्यायात समोर आली, तेव्हा त्याने तिला तिचा वधस्तंभ आणखी वाहायला सांगितले नाही. शब्बाथाचा नियम आड येत असतानाही तिला सरळ उभे केले. वधस्तंभ उचलायचा तो आपखुशीने, प्रेमापोटी. दुसऱ्याने पाठीवर लादलेला जुलूम म्हणजे वधस्तंभ नव्हे. म्हणून नवऱ्याची मारहाण सोसणाऱ्या स्त्रीला हाच तुझा क्रूस असे सांगणारा पाळक तिला शिष्यत्व शिकवत नाही, तो अत्याचाराला पवित्र ठरवतो. अशा घरात कठोर प्रेमाचा शब्द मारणाऱ्याला सुनवायचा असतो आणि मारणाऱ्याचा हात रोखण्यासाठी कायद्याची मदत घेणे हाही त्या प्रेमाचाच भाग आहे.

उरतो सर्वांत परिचित आक्षेप, की येशूनेच दोष काढू नका म्हटले आहे, मग दुसऱ्याला सुनावणारे आपण कोण? पण त्या शिकवणीचा शेवट कसा होतो ते पाहावे. आधी आपल्या डोळ्यातले मुसळ काढ, म्हणजे भावाच्या डोळ्यातले कुसळ काढायला तुला नीट दिसेल, असा तो आहे. कुसळ डोळ्यात तसेच राहू द्या, असे तिथे म्हटलेले नाही. इजिप्तच्या वाळवंटातल्या तपस्व्यांच्या आठवणींमध्ये अब्बा मोझेसची एक हकिकत आहे. एका बंधूच्या अपराधाचा निवाडा करायला सभा भरली होती. मोझेसला बोलावणे गेले. तारुण्यात दरोडेखोर असलेला हा वृद्ध एक गळके भांडे पाण्याने भरून पाठीवर घेऊन आला आणि म्हणाला की माझी पापे माझ्यामागे अशी गळत आहेत, मला ती दिसत नाहीत आणि मी दुसऱ्याचा न्याय करायला आलो आहे. सभेने त्या बंधूला क्षमा केली. मोझेसने अपराधाला अपराध नाही म्हटले नाही. कठोर शब्द तोही बोललाच. पण तो त्याने स्वतःपासून सुरू केला आणि म्हणून तो न्याय करणाऱ्यांच्या जिव्हारी लागला.

उलट टोकाला गेलेल्या मवाळपणाची किंमतही मोजावी लागते आणि ती बहुधा दुबळा मोजतो. डिट्रिख बॉनहोफर या जर्मन पाळकाने १९३७ साली शिष्यत्वावरच्या आपल्या ग्रंथात स्वस्त कृपेवर टीका केली, ती याच अर्थाने. पश्चात्तापाविना क्षमा, शिस्तीविना बाप्तिस्मा वाटणारी मंडळी हिटलरपुढे का वाकली, याचे उत्तर तो शोधत होता. फिन्केनवाल्डे इथल्या त्याच्या सेमिनरीत एक साधा नियम होता. गैरहजर बंधूविषयी बोलायचे नाही आणि बोलून गेले तर त्याला जाऊन सांगायचे. १९३९ साली न्यूयॉर्कमधली सुरक्षितता सोडून तो जर्मनीत परतला आणि ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनबुर्गच्या छळछावणीत त्याला फाशी दिले गेले. त्याने आपल्या मंडळीला सुनावलेले कडू बोल आजही वाचले जातात, कारण त्यांची किंमत त्याने स्वतः मोजली. एखाद्या प्रतिष्ठित माणसाने कुणाचे वाटोळे केले आणि मंडळीने क्षमेच्या नावाखाली ते झाकले, तर तिथे क्षमा वाटणाऱ्यांना काहीच सोडावे लागत नाही. सगळे सोसायचे ते पीडिताने. त्या क्षमेला प्रेम म्हणता येत नाही.

म्हणून मुलाला, मित्राला, मंडळीतल्या भावाबहिणीला कठोर शब्द सुनावण्याआधी ख्रिस्ती माणसाने स्वतःला विचारावे की यात माझे काय जाणार आहे. माझा वेळ, माझी प्रतिष्ठा, त्याच्या परतीची वाट पाहण्यात जाणारी वर्षे, माझ्याच चुका उघड करण्याची लाज, यांपैकी काही द्यायची तयारी असेल तर बोलावे, आणि मग आडपडदा न ठेवता बोलावे. गप्प राहणे हे तेव्हा प्रेम ठरत नाही. यातले काहीच द्यायचे नसेल, तर तो शब्द कितीही खरा असला तरी बोलायची वेळ अजून आलेली नाही.